खाचेतून सुटलेली गाडी: स्लॉट कार क्लबच्या शर्यतीत न्याय्य नियम कसे करावेत

स्लॉट कार म्हणजे ट्रॅकमधल्या खाचेतून विजेवर धावणारी छोटी प्रतिकृती गाडी; तिचा वेग चालक हातातल्या कंट्रोलरच्या ट्रिगरने कमी-जास्त करतो. आपल्या प्रश्नाचा गाभा मला असा समजला. क्लबचा ट्रॅक सहा लेनचा आणि लाकडी आहे, शर्यत तीन-तीन मिनिटांच्या हीटमध्ये, म्हणजे टप्प्यांत, होते, प्रत्येक स्पर्धक आळीपाळीने सहाही लेनवर गाडी चालवतो, आणि गाडी खाचेतून सुटून पडली की काय करावे यावरून सभासदांमध्ये दोन तट पडले आहेत. कुणाचीही गाडी पडली की सगळ्या ट्रॅकची वीज तोडावी, गाडी जागेवर ठेवावी आणि मग शर्यत पुढे सुरू करावी, असे एका गटाला वाटते. दुसरा गट म्हणतो की शर्यत थांबवूच नये, जो पडला त्याने वेळ गमवावा. शेजारच्या गाडीच्या धक्क्याने जो पडतो, त्याचा त्यात काय दोष, हा तिसरा प्रश्न या दोन्ही गटांना सुटलेला नाही. मी बरीच वर्षे क्लबच्या शर्यतींचे संचालन करत आलो आहे आणि हे तिन्ही प्रश्न मला वेगवेगळ्या ट्रॅकवर पुन्हा पुन्हा सोडवावे लागले आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

पडण्याची किंमत असलीच पाहिजे, ती सर्वांना सारखी पडली पाहिजे आणि ज्याची चूक झाली त्यानेच ती भरली पाहिजे, या तीन कसोट्यांवर मी कोणताही नियम तपासून पाहतो. पहिली कसोटी सांभाळणे सोपे आहे. तिसरी पूर्णपणे कधीच सांभाळता येत नाही, फक्त तिच्या जवळ जाता येते. दुसऱ्या कसोटीकडे मात्र बहुतेक क्लबांचे लक्षच नसते, आणि माझ्या अनुभवात खरा अन्याय तिथेच होतो.

प्रत्येक पडझडीला वीज तोडण्याची पद्धत वरवर दयाळू वाटते, आणि मी स्वतः सुरुवातीची काही वर्षे तिचा पुरस्कार केला होता. पुढे लक्षात आले की त्या पद्धतीत बेफिकीर चालवणाऱ्याचे काहीच जात नाही. प्रत्येक वळणात तो गाडी शेवटच्या क्षणापर्यंत दामटतो, पडला तर घड्याळ थांबते, गाडी जागेवर येते आणि तो पुन्हा तितक्याच वेगाने निघतो. जो स्पर्धक वळणाआधी योग्य वेळी ट्रिगर सोडून गाडी खाचेत राखतो, त्याची लय मात्र दर थांब्याला मोडते. स्लॉट कारच्या शर्यतीतले निम्मे कौशल्य गाडी खाचेत ठेवण्याचे आहे, आणि ही पद्धत त्याच कौशल्याचे मोल काढून टाकते. शिवाय वेळेचा हिशेब करून पाहावा. एका हीटमध्ये सहा गाड्यांच्या मिळून वीस पडझडी झाल्या आणि प्रत्येक थांबा आठ सेकंदांचा धरला, तर 160 सेकंद नुसते थांबण्यात जातात, म्हणजे तीन मिनिटांच्या हीटला जवळजवळ आणखी एक हीट जोडली जाते.

वीज तोडण्याने होणारा एक अन्याय डोळ्यांना सहसा दिसत नाही. वीज जाते तेव्हा सहा गाड्या सहा ठिकाणी असतात. ट्रॅकला ओढून धरणारे चुंबक लावलेली गाडी लगेच थांबते, तर बिनचुंबकाची, मोकळ्या चाकांची गाडी बरीच पुढे घरंगळत जाते. चालकाने ट्रिगर सोडला असेल तर कंट्रोलरचा ब्रेक लागतो, दाबून धरला असेल तर लागत नाही. एखादी गाडी नेमकी वळणाच्या मध्यावर थांबते आणि तिला तिथून उचल घ्यावी लागते, दुसरी सरळ पट्टीच्या सुरुवातीला थांबते आणि तिचे काहीच बिघडत नाही. वीज परत येते त्या क्षणी कुणाचे बोट ट्रिगरवर पूर्ण दाबलेले असेल तर त्याची गाडी उसळून पडते, आणि एका पडझडीसाठी घेतलेल्या थांब्यातून दुसरी पडझड जन्माला येते. म्हणून थांबा घ्यावाच लागला, तर वीज परत देण्यापूर्वी तीन सेकंदांची ऐकू येईल अशी सूचना द्यावी. फेऱ्या मोजणारी यंत्रणाही एकदा तपासावी: वीज गेल्यावर घरंगळत रेषा ओलांडणाऱ्या गाडीची फेरी ती मोजते की नाही, हे शर्यतीच्या दिवशी वाद झाल्यावर कळण्यापेक्षा सरावाच्या संध्याकाळी कळलेले बरे.

तेव्हा माझे उत्तर दुसऱ्या गटाच्या बाजूने आहे: शर्यत चालू ठेवावी, पडलेली गाडी मार्शलने, म्हणजे ट्रॅकच्या कडेला त्यासाठीच उभ्या असलेल्या माणसाने, उचलून जागेवर ठेवावी आणि त्यात गेलेला वेळ हीच पडण्याची किंमत समजावी. पण हे उत्तर एका अटीवर अवलंबून आहे, आणि ती अट पाळली नाही तर हा नियम पहिल्यापेक्षाही वाईट ठरतो. अट अशी की मार्शलचा हात प्रत्येक वळणावर जवळजवळ सारख्याच वेळात पोचला पाहिजे, कारण ही किंमत चालक ठरवत नाही, मार्शल ठरवतो. समजा फेरी नऊ सेकंदांची आहे. एका वळणावर मार्शलचा हात दोन सेकंदांत पोचतो आणि दुसऱ्या वळणावर त्याला ट्रॅकला वळसा घालून जावे लागत असल्याने सहा सेकंद लागतात. चूक तीच, पण किंमत तिप्पट. त्या दूरच्या वळणावर पूर्ण शर्यतीत एखादा चार वेळा पडला, तर जवळच्या वळणावर तितक्याच वेळा पडलेल्यापेक्षा त्याचे सोळा सेकंद जास्त जातात, म्हणजे जवळजवळ दोन फेऱ्या. अनेक शर्यतींचा निकाल याहून कमी फरकाने लागतो.

फेरी जितकी लहान तितका हा फरक तीव्र होतो. आठ लेनचा, 155 फुटांचा म्हणजे सुमारे 47 मीटरचा ‘किंग’ ट्रॅक घेतला, तर त्यावर पंखांच्या बॉडीच्या सर्वांत वेगवान गाड्या दोन सेकंदांच्या आत फेरी पूर्ण करतात. तिथे मार्शलला लागलेले तीन सेकंद म्हणजे दीड-दोन फेऱ्यांचे नुकसान. म्हणून दुसऱ्या क्लबचे नियम जसेच्या तसे उचलू नयेत. त्यांच्या फेरीची लांबी, गाड्यांचा वेग आणि मार्शलची संख्या या तिन्ही गोष्टी त्या नियमांत न लिहिता गृहीत धरलेल्या असतात.

मार्शलच्या जागा कशा ठरवाव्यात, याची एक साधी रीत सांगतो. ट्रॅकचा नकाशा कागदावर काढावा आणि सरावाच्या दोन-तीन संध्याकाळी जिथे गाडी पडेल तिथे ठिपका द्यावा. ठिपके सगळीकडे सारखे पडत नाहीत, लांब सरळ पट्टीनंतरच्या वळणावर आणि लेन जवळ येतात अशा अरुंद जागी ते दाटीने पडतात. मार्शल ठिपक्यांच्या मागे उभे करावेत, ट्रॅकभोवती समान अंतरावर नव्हे. बाहेरच्या कडेला गाडीच्या उंचीहून थोडा उंच कठडा लावला तर जमिनीवर पडणाऱ्या गाड्याही कमी होतात. आपल्या ट्रॅकवर चार चांगल्या जागा आणि दोन नाममात्र जागा निघत असतील, तर त्या दोन ठिकाणी नव्या सभासदांना उभे करावे आणि अनुभवी माणसे दाटीच्या ठिकाणी ठेवावीत.

आपली हीट संपवून आलेल्या स्पर्धकाने लगेच पुढच्या हीटला मार्शल म्हणून उभे राहावे, ही सर्वत्र चालणारी पद्धत योग्यच आहे, फक्त तिच्यातला मानवी भाग विसरू नये. तो माणूस नुकताच कंट्रोलर खाली ठेवून आलेला असतो, आपल्या गेलेल्या फेऱ्या मनात मोजत असतो, आणि त्याचे डोळे स्वतःच्या वळणाऐवजी फलकावरच्या आकड्यांकडे जातात. त्याला तीन गोष्टी आधीच सांगून ठेवाव्यात. नजर फक्त आपल्या वळणावर ठेवावी. ट्रॅकवर वाकून चालकांचा दृष्टिरोध करू नये. धावत्या गाडीच्या वाटेत हात घालू नये, मग पडलेल्या गाडीचे दोन सेकंद जास्त गेले तरी चालतील. धावती गाडी ही नेहमी पडलेल्या गाडीच्या आधी. मार्शलिंग टाळणाऱ्या स्पर्धकाच्या एकूण फेऱ्यांतून ठरावीक फेऱ्या वजा करण्याचा नियम पहिल्या दिवसापासून ठेवावा आणि तो मोठ्या नावाच्या खेळाडूलाही लावावा. मार्शलवर ओरडणाऱ्या चालकाला पहिल्यांदा ताकीद आणि दुसऱ्यांदा एक फेरी वजा, याही नियमाबद्दल मी आग्रही आहे. जो माणूस विनामोबदला आपली गाडी उचलून देतो, त्याचा हात ओरडण्याने वेगवान होत नाही, थरथरतो.

आता एकाच वळणावर दोन-तीन गाड्या एकत्र पडल्या तर काय करावे, ते पाहू. मार्शलने प्रथम दुसऱ्यांच्या लेनवर आडवी आलेली गाडी उचलून हातात घ्यावी, म्हणजे मागून येणाऱ्यांचा मार्ग मोकळा होतो. मग धक्का बसून पडलेली गाडी आधी ठेवावी, आणि जिने धक्का दिला ती शेवटी. हाच क्रम तिसऱ्या कसोटीला धरून आहे. पण मार्शलला धक्का कुणी दिला हे दिसले नसेल, तर त्याने विचार करत उभे राहू नये. हाताला जी जवळ ती गाडी आधी ठेवावी. दोष ठरवण्यात घालवलेला प्रत्येक सेकंद दोघांच्याही खात्यातून जातो, आणि निर्दोष माणसाचे त्यात जास्त नुकसान होते.

धक्क्याने पडलेल्याला गेलेली फेरी भरून द्यावी का, असे आपण विचारले आहे. माझे मत स्पष्टपणे नकारार्थी आहे. लेनच्या शर्यतीत प्रत्येक गाडीची खाच वेगळी असते, त्यामुळे वाट अडवण्याचा किंवा वाट देण्याचा प्रश्न येत नाही. टक्कर होते ती वळणात एका गाडीचा मागचा भाग शेजारच्या लेनवर झुलल्यामुळे, किंवा पडलेली गाडी दुसऱ्याच्या लेनवर आल्यामुळे. संचालक एकाच वेळी सहा गाड्या पाहू शकत नाही. ज्या टकरा त्याला दिसल्या त्यांची भरपाई झाली आणि ज्या दिसल्या नाहीत त्यांची राहिली, तर त्याच्या नजरेसमोरच्या वळणावर पडणे फायद्याचे ठरेल. सहाही लेनवर सर्वांनी सारखा वेळ चालवण्याची पद्धत याच कारणाने महत्त्वाची आहे: धक्के बसणाऱ्या मधल्या लेन आणि वळणाला टेकलेली त्रासदायक लेन प्रत्येकाच्या वाट्याला एकदा येते. लेन बदलण्याचा क्रम 1, 3, 5, 6, 4, 2 असा ठेवला, तर प्रत्येकाला शेजारीही बदलत जातात. हेतुपुरस्सर दिलेला धक्का ही वेगळी बाब आहे, तिथे फेऱ्या वजा कराव्यात आणि दोन माणसांनी तो पाहिलेला असावा.

एक तांत्रिक कारण इथेच सांगतो, कारण त्याचा न्यायाशी थेट संबंध आहे आणि नियमांच्या चर्चेत ते कुणी काढत नाही. एकाच लहान ट्रान्सफॉर्मरवर दोन किंवा अधिक लेन चालत असतील, तर एक गाडी पडताच तिचा भार नाहीसा होतो, उरलेल्या लेनचा व्होल्टेज क्षणभर वाढतो आणि शेजारची गाडी चालकाने ट्रिगर न हलवताही वेग घेते. ती वळणात असेल तर तीही पडते. चालकाला वाटते आपले चुकले, प्रेक्षकांना वाटते दोघेही घाईत होते, आणि दोष खरा वीजपुरवठ्याचा असतो. पुरेशा क्षमतेचा, व्होल्टेज स्थिर ठेवणारा पुरवठा घ्यावा किंवा प्रत्येक लेनला स्वतंत्र पुरवठा द्यावा. दुसऱ्याच्या चुकीची किंमत तिसऱ्याने भरू नये, ही कसोटी आधी तारांमध्ये पाळली पाहिजे, नियमांच्या कागदावर त्यानंतर.

वीज कधीच तोडू नये, असे मात्र माझे म्हणणे नाही. पडलेली गाडी दुसऱ्याच्या लेनवर आडवी आहे आणि कोणत्याही मार्शलचा हात तिच्यापर्यंत पोचत नाही, तेव्हा थांबा घ्यावा. खाचेत तुटलेला भाग अडकला, ट्रॅकच्या वीजवाहक पट्टीचे टोक उचलले गेले, एखाद्या लेनची वीज किंवा मोजणी बंद पडली, किंवा कुणाच्या हाताला इजा होण्याची शक्यता दिसली, तेव्हाही घ्यावा. एका लेनच्या खाचेत दोन गाड्या ठेवल्या गेल्या आणि ते लगेच सुधारता आले नाही, तर तेही कारण पुरेसे आहे. गाडी जमिनीवर पडली, हे कारण मी मान्य करत नाही; ती मार्शलने उचलून आणावी आणि शर्यत चालू राहावी. स्वतःच्या गाडीसाठी थांबा मागण्याचा हक्क कोणत्याही चालकाला देऊ नये. चालकाने अडथळा दिसला तर लेनचा रंग ओरडून सांगावा, वीज तोडण्याचे बटण फक्त संचालकाच्या हाताखाली असावे. मी पाहिलेल्या एका क्लबात प्रत्येक चालकाजवळ बटण होते, आणि आघाडीवरच्याची लय मोडावी म्हणून ते दाबले जाते की काय, असा संशय एका हंगामात इतका वाढला की दोन चांगले सभासद येईनासे झाले. तो संशय खरा होता की खोटा, हे कधीच कळणार नाही. बटण तिथे नसते तर तो उद्भवलाच नसता. थांब्याच्या काळात पडलेल्या गाड्या फक्त मार्शलने ठेवाव्यात, आणि कुणीही आपल्या गाडीची दुरुस्ती करू नये, गाडीखालच्या, ट्रॅकमधून वीज घेणाऱ्या ब्रशसारख्या तारा सरळ करू नयेत, चाके पुसू नयेत.

गाडी नेमकी कुठे ठेवावी, यावरचे वाद संख्येने सर्वाधिक असतात. जिथे खाच सुटली तिथेच, किंवा थोडी मागे, हा नियम आहे. घसरत दोन मीटर पुढे गेलेल्या गाडीला ते दोन मीटर मिळता कामा नयेत. उडून ट्रॅकच्या शेजारच्या पट्ट्यावर जाऊन पडलेली गाडी तिच्या मूळ भागातच परत आली पाहिजे, जरी त्यासाठी ती एका मार्शलच्या हातातून दुसऱ्याच्या हातात द्यावी लागली तरी. मोजणीच्या रेषेजवळ जास्त काळजी घ्यावी. रेषेआधी सुटलेली गाडी न मोजली जाता पलीकडे पडली असेल तर ती रेषेच्या अलीकडे ठेवावी, म्हणजे फेरी आपसूक मोजली जाईल. घसरत जाताना ती मोजली गेली असेल तर पलीकडे ठेवावी, म्हणजे दोनदा मोजली जाणार नाही. मोजणीच्या संगणकात फेरीचा किमान वेळ भरून ठेवला, तर हाताच्या सावलीने किंवा घसरत्या गाडीने चढणाऱ्या खोट्या फेऱ्या बऱ्याच अंशी टळतात. आपली फेरी नऊ सेकंदांची असेल तर किमान मर्यादा सहा-सात सेकंदांची ठेवण्यास हरकत नाही. गाडी चुकून दुसऱ्याच्या खाचेत ठेवली जाऊ नये म्हणून प्रत्येक हीटला गाडीवर लेनच्या रंगाची चिकटपट्टी लावावी. तरीही चूक झालीच आणि परक्या लेनवर फेरी मोजली गेली, तर मोजणी पाहणाऱ्या माणसाने ती स्वतः पाहिली असेल तेव्हाच दुरुस्त करावी.

पडून मोडलेल्या गाडीबद्दल थोडक्यात: मार्शलने एकदा बोटाने गाइड (गाडीचा खाचेत बसणारा भाग) सरळ करून किंवा सैल बॉडी दाबून पाहावी, गाडी चालली नाही तर ती चालकाकडे द्यावी आणि दुरुस्ती शर्यतीच्या चालू वेळेत व्हावी. तुटलेला पंख किंवा आरसा पुढच्या हीटच्या आधी लावून घ्यावा, निदान बॉडी तरी पूर्ण असावी.

आपल्याकडे डिजिटल वर्गही सुरू करण्याचा विचार आहे, असे आपण लिहिले आहे. त्यासाठी वरची सगळी मांडणी जशीच्या तशी लावू नये. 2004 मध्ये स्कॅलेक्स्ट्रिक या स्लॉट कारच्या ब्रँडने डिजिटल प्रणाली आणल्यापासून एकाच खाचेत अनेक गाड्या चालवणे आणि मधूनच लेन बदलणे सर्वसामान्य झाले आहे. तिथे मागून धडकणे शक्य आहे, म्हणून मागच्याची जबाबदारी ठरते: पुढच्याला पाडले तर त्याची गाडी खाचेत बसेपर्यंत आपण थांबावे. लेन बदलण्याच्या जागी बाजूने झालेली टक्कर ही बदलणाऱ्याची जबाबदारी. तिथे पडलेली गाडी दोन्ही खाचा अडवते, त्यामुळे सर्वांचा वेग ठरावीक मर्यादेत आणण्याची सोय प्रणालीत असेल तर ती वापरण्यास माझा पाठिंबा आहे. वेग कमी होतो, पण अंतरे बऱ्याच अंशी टिकतात, आणि घरंगळण्याचा प्रश्न येत नाही.

लहान मुले आणि अगदी नवखे यांच्यासाठी पहिल्या गटाचे म्हणणे मी अर्धे मान्य करतो. त्यांची गाडी प्रत्येक फेरीला पडत असेल तर मार्शलही थकतो आणि मूलही रडवेले होते. पण तिथेही वीज तोडण्याआधी व्होल्टेज कमी करून पाहावा. 12 व्होल्टच्या जागी 9 किंवा 10 व्होल्ट दिले की त्याच हातांतून निम्म्याहून जास्त पडझडी टळताना मी पाहिल्या आहेत, आणि ट्रिगर केव्हा सोडायचा हे मुलाला गाडी खाचेत असतानाच शिकता येते.

शेवटचा मुद्दा हीट संपण्याच्या क्षणाचा. वेळ संपल्याचा भोंगा वाजला की मार्शलने हात मागे घ्यावेत, हातात असलेली गाडीही खाचेत ठेवू नये. घरंगळत थांबलेल्या गाडीचे स्थान ती जिथे थांबली ते, आणि पडलेल्या गाडीचे स्थान तिची खाच जिथे सुटली ते. पुढची हीट तिथूनच सुरू करावी. अंतिम हीटमध्ये फेरीचा अपूर्ण भागही मोजायचा असल्याने ट्रॅकच्या कडेला दहा समान भागांच्या खुणा रंगवून त्यांवर आकडे घालावेत, आणि गाड्या उचलण्याआधी संचालकाने दोन स्पर्धकांसमोर ते आकडे मोठ्याने वाचून लिहून घ्यावेत.